नाटक विकत आणण्यापूर्वी : आमच्या देवस्थान समितीला आणि नाट्यमंडळाला खुले पत्र

माननीय अध्यक्ष, मुखत्यार, सचिव, खजिनदार आणि नाट्यमंडळाचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या जत्रोत्सवात गावच्या मंडळाचे नाटक बसवायचे नाही, त्या रात्री मुंबईहून व्यावसायिक नाटक आणायचे, असे आपल्या बैठकीत जवळजवळ ठरल्याचे कानावर आले. ‘कानावर आले’ असेच म्हणावे लागते, कारण त्या बैठकीत आम्ही बायका नसतो. कारणही कळले : वर्गणी जमते, माणसे जमत नाहीत, पोरांना वेळ नाही. हे पत्र लिफाफ्यात घालून दिले असते तर फाइलीत गेले असते. शिवाय हाच विषय अंत्रुजातल्या, म्हणजे गोव्यातल्या आपल्या फोंडा महालातल्या, आणखीही गावांत चालू असल्याचे ऐकते. म्हणून उघड लिहिते आहे.

व्यावसायिक नाटकाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. ते फोंड्याला राजीव गांधी कलामंदिरात येते तेव्हा मी तिकीट काढून बघते. खुर्ची मऊ असते, नट वाक्ये विसरत नाहीत, पडदा मध्येच अडकत नाही. पण तिथे मी प्रेक्षक असते. आपल्या मंडपात मी विंगेत संहिता धरून बसते. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे आले त्याला आता बराच काळ लोटला, त्यामुळे कुणाला किती वेळ आहे आणि कुणाचा वेळ कुठे जातो, हे मला आपल्यापेक्षा थोडे जवळून ठाऊक आहे.

वेळ नाही, हे अर्धेच खरे आहे.

मी एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. मंडळातले बरेचसे नट अशाच कुठल्या ना कुठल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. कागदावर आम्हा सगळ्यांकडे वेळ आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि एक दिवस सुट्टी दिली. ती सुट्टीही कुणी खुशीने दिलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्या मागणीत होते. मला ते फार आवडते. देवाचा दिवस आणि माणसाचा स्वतःचा दिवस वेगळा काढायची गरज त्यांना वाटली नाही.

आता तास जातात ते दुसऱ्या वाटेने. ड्युटी सुटते, माणूस बस पकडतो (ती चुकली तर आमच्या बाजूला रात्री दुसरी मिळेलच असे नाही), आंघोळ करून तालमीला येऊन बसतो, आणि दुसऱ्या अंकाच्या ऐन भरात औरंगजेबाच्या खिशातला फोन वाजतो. उद्या ऑडिट आहे, अमुक बॅचचे कागद कुठे ठेवलेत? औरंगजेब तख्तावरून उठतो, कोपऱ्यात जातो, बॅच नंबर सांगतो आणि परत येईपर्यंत समोरचा संभाजी आपल्या फोनमध्ये बुडालेला असतो. पाच मिनिटांचे काम. पण त्या रात्री तो प्रवेश पुन्हा उभा राहत नाही. कामाच्या वेळेनंतर असे फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. फ्रान्समध्ये त्या अर्थाचा कायदा २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे व्हायचा तेव्हा होईल. तोवर तालमीच्या दारात एक टोपली ठेवता येईल, त्याबद्दल पुढे लिहिते.

हॉटेलवाल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. गोवा सुशेगाद, म्हणजे निवांत, आहे असे म्हणणारे लोक बहुतेक इथे सुट्टीवर आलेले असतात. त्यांची सुट्टी म्हणजे आमची ड्युटी. ऑक्टोबर ते मार्च पर्यटनाचा हंगाम, आणि कार्तिक लागला की जत्रांचाही. कळंगुट-कांदोळीकडे कामाला असलेल्या मुलाला सगळ्या वर्षात नेमकी याच महिन्यांत रजा मागता येत नाही. त्याला ‘मंडळावर प्रेम राहिले नाही’ असे म्हणणे हा अन्याय आहे, आणि तो गेल्या वर्षी बैठकीत केला गेला.

याची उलट बाजूही सांगते, नाहीतर हे पत्र नोकरीला शिव्या घालणारे वाटेल. माझे माहेर डिचोली तालुक्यातले. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. पुन्हा थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले. माणसांकडे दिवसच्या दिवस मोकळे होते. हिशेबाने तिकडची नाटके त्या काळात दणक्यात व्हायला हवी होती. माहेरच्या वाड्यावर मी उलटेच पाहिले. ट्रकचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस तालमीला येऊन बसायचा, पण वाक्य त्याच्या तोंडी येत नसे. महिन्याच्या महिन्याला पगार येतो म्हणून माणूस रात्री दोन तास राजा होऊ शकतो. नोकरी नाटकाची वैरीण नाही. तिला तालमीच्या खोलीत मात्र घेऊ नये.

आता ज्या भागात समितीचा हात आहे, तिकडे येते.

आपल्याकडे कुणाला काही येते असे दिसले की लगेच त्याचे पुढे काय, असे विचारायची सवय लागली आहे. गाणारी मुलगी दिसली की, ऑडिशन दिलीस का? केक चांगला झाला की, ऑर्डरी घेता का? घुमट (आपले मातीचे तालवाद्य) वाजवणाऱ्या पोराला, हॉटेलात कार्यक्रम करतोस का, किती देतात? विचारणारे मायेनेच विचारतात. पण मग त्या पोरालाही वाटू लागते की पैसे, बक्षीस किंवा निदान रीलवर हजारभर लाइक मिळत नसतील, तर आपण उगाचच वाजवतो आहोत. आठ तास कारखान्यात टार्गेट, आणि घरी आल्यावर स्वतःच स्वतःला दिलेले दुसरे टार्गेट. असा माणूस दमणार नाही तर काय होईल? तो म्हणतो वेळ नाही. खरे म्हणजे आणखी एक परीक्षा द्यायची ताकद त्याच्यात उरलेली नसते.

आपल्या मंडळातही हेच झाले. कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा चांगलीच आहे. गोव्यातले कितीतरी नट-दिग्दर्शक तिच्यातून पुढे आले. आपले मंडळ तिच्यात उतरले याचाही मला आनंद झाला होता. पण नंतर तीच मोजपट्टी मंडपात आली. बाहेरचा दिग्दर्शक, नेपथ्याचे भाड्याचे टेम्पो, आणि ‘जमत नाही त्यांनी खाली बसून बघावे.’ आपल्याकडे एक जण दर वर्षी दूताचे काम करायचा. त्याला ‘र’ म्हणता येत नाही. ‘महाराज’ म्हटले की मंडप हसायचा, मग तोही हसायचा, आणि जत्रेचे नाटक सुरू झाल्यासारखे वाटायचे. त्याच्या जागी स्वच्छ उच्चारांचा मुलगा घेतला. नाटक सुधारले, यात वाद नाही. तो दूत मात्र त्यानंतर तालमीकडे फिरकला नाही, आणि त्याच्याबरोबर पडदे ओढणारे त्याचे दोघे भाऊही गेले. आता आपण म्हणतो, माणसे जमत नाहीत.

मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्या मुलांना चित्रे काढायला मनापासून आवडत होते त्यांचेच तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले की चित्र काढलेत तर छान रिबन लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता, चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मुलांना मोकळे सोडून पाहिले, तर ज्यांना आधी बक्षीस कबूल केले होते ती मुले रंगांकडे इतरांच्या निम्म्यानेच वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नाही.

हे वाचले तेव्हा मला आपला मंडप आठवला. नाटक रंगात आलेले असते, अंक संपतो, आणि ध्वनिक्षेपकावरून ऐकू येते : अमक्या वाड्यावरच्या तमक्यांकडून राणीच्या भूमिकेला शंभर रुपये बक्षीस! बाहेरचे पाहुणे याला हसतात. पण बघा, हे कबूल केलेले बक्षीस नव्हे. कुणीतरी खूश झाला आणि खिशात हात घातला. त्या शंभर रुपयांसाठी कुणी कधी नाटकात काम केले नाही, आणि ते मिळाले म्हणून कुणी बिघडलाही नाही. आपल्या जुन्या लोकांनी प्रयोगशाळेशिवायच हे नीट जमवले होते. ती पद्धत बंद करून ‘उत्कृष्ट अभिनेता’ अशी ढाल द्यावी, असा ठराव कुणाच्या तरी मनात आहे म्हणतात. कृपा करून नको.

कला हाच ज्यांचा धंदा आणि धर्म, त्यांची गोष्ट निराळी. आपल्याच फोंडा महालातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबरच्या तबकडीतून अंतराळात गेली. त्यामागे जन्मभराची तालीम होती. आपल्या मंडळाच्या गायकाचा आवाज मंडपाबाहेरच्या माडापर्यंत पोचला तरी पुष्कळ. त्याने केसरबाई व्हायचे नाही, आणि केसरबाई नाही म्हणून गप्पही बसायचे नाही. दिवसभर वेल्डिंग करून आलेला माणूस रात्री नाट्यपद म्हणतो, याला दुसऱ्या कशाचे समर्थन लागू नये.

बायकांबद्दल लिहिल्याशिवाय मला हे पत्र पुरे करता येणार नाही. आपल्या नाटकात स्त्री भूमिकेला बाहेरून नटी आणायची रीत आहे. ती शेवटच्या एक-दोन तालमींना येते, आपले मानधन घेते, चोख काम करते आणि जाते. तिची ती रोजीरोटी, तिच्याबद्दल आदरच आहे. पण गावात बायका नाहीत का? आहेत. त्या तालमीच्या वेळी भाकऱ्या भाजत असतात, पोरांचा अभ्यास घेत असतात, आणि तालमीहून येणाऱ्या राजाचे ताट झाकून ठेवत असतात. पुरुषाचा मोकळा वेळ म्हणजे बहुतेक घरांत बाईने दिलेला वेळ असतो. त्याची पावती कुठे फाडली जात नाही.

आणि हे पूर्वीपासून असेच होते, असेही नाही. पौषात धालो, म्हणजे बायकांचे रात्रीचे गाण्या-नाचाचे खेळ, असतात. मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र अंगणात, रात्री बायका जमतात, दोन रांगा करून गातात, वाकतात, खेळतात, सोंगे काढून पोट दुखेपर्यंत हसतात. पुरुषांचे त्यात काही काम नाही. माझी आजी सांगायची, धालोंच्या रात्री घरी पेज उशिरा झाली तरी कुणी चकार शब्द काढत नसे, कारण मांड हा देवाचा. शेतात राबणाऱ्या बायकांना कायद्याने रविवार दिला नव्हता, पण रूढीने या रात्री दिल्या होत्या आणि त्यांना देवाचे कुंपण घातले होते. चवथीच्या फुगड्यांचेही तेच. आज फुगडीच्या स्पर्धा असतात, एकसारख्या साड्या, सात मिनिटांची मर्यादा, परीक्षक. मीही त्यात नाचले आहे, मजा येते. पण वेळ संपल्याची घंटा वाजली की फुगडी थांबवावी लागते, याची मला अजून सवय झालेली नाही.

समितीच्या काही वडीलधाऱ्यांना वाटेल, या बाईला सगळे जुनेच हवे. तसे नाही. जुन्यातली एक गोष्ट तर मला अजिबात नको, ती म्हणजे पहाटेपर्यंत चालणारे नाटक. पालखी, आरत्या, तीर्थप्रसाद, मग पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव. पावणीत एकेका फणसावर बोली चढत जाते आणि नाटकाची तिसरी घंटा मध्यरात्रीनंतर होते. पूर्वी लोकांना सकाळी शेतावर थोडे उशिरा गेले तरी चालत असे. आता सहा वाजता पहिल्या शिफ्टची बस येते. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मशीनवर डुलक्या घेणारा माणूस मी पाहिला आहे. तशा मशीनवर डुलकी म्हणजे बोट गेले. नाटकासाठी रजा काढा, असे सांगणे सोपे. ज्याची नोकरी कंत्राटी आहे त्याला रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही.

वास्कोच्या दामोदर सप्ताहाचे उदाहरण घ्या. शंभर वर्षांहून जुना, सलग चोवीस तास भजन, एक क्षणही खंड नाही. पण कुणीही चोवीस तास गात नाही. ज्याची त्याची वेळ ठरलेली असते, तेवढे गायचे, पुढच्याला जागा द्यायची, घरी जायचे, सकाळी दुकान उघडायचे. भक्ती कमी पडली असे त्यांना कुणी म्हणत नाही. आपल्या मंडळात मात्र जो रोज येतो आणि रात्री एकपर्यंत बसतो तोच निष्ठावंत, बाकीचे हौशे-गवशे. निष्ठेची ही कसोटी कारखान्यातल्या ओव्हरटाइमसारखी आहे, आणि ती आपण स्वतःच्या आनंदाला लावून बसलो आहोत.

तर माझ्या सूचना अशा. यंदा तीन अंकी नाटक नको. दीड-दोन तासांचे घ्या, पदे हवी तर तीन-चार ठेवा. पावणी नाटकाच्या आधी न ठेवता दुसऱ्या दिवशी सकाळी करा, खजिनदारबाब, बोली कमी येणार नाही, उलट लोक जागे असतील. पडदा साडेनऊला वर जाऊ दे. तालीम आठवड्यातून तीन दिवस, रात्री साडेआठ ते साडेदहा, आणि साडेदहाला दिवा बंद, प्रवेश कितीही रंगलेला असो. ज्यांच्या शिफ्ट बदलत्या आहेत त्यांच्या भूमिकेला दोन-दोन माणसे तयार ठेवा. प्रयोगाच्या रात्री कोण, हे चिठ्ठी टाकून ठरवा. हॉटेलातल्या मुलांना छोटे प्रवेश द्या आणि ते प्रवेश त्यांच्या सुट्टीच्या वारीच बसवा, मग तो सोमवार का असेना. दारातल्या टोपलीत सगळ्यांचे फोन, अध्यक्षांचाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने आपला फोन माझ्याकडे द्यावा, मी तसाही अंधारात बसलेली असते.

प्रयोगाचे थेट प्रक्षेपण करू नका, ही विनंती जरा जास्त जोर देऊन करते. परदेशी असलेल्या आपल्या लोकांना बघता यावे हे खरे, पण कॅमेरा लागला की नट मंडपाशी बोलत नाहीत, कॅमेऱ्याशी बोलतात. आणि वाक्य विसरले की ते कायमचे कुठेतरी राहते. गावासमोर विसरायला कुणाची हरकत नसते. दुबईतल्या काकांना फोटो पाठवा.

स्त्री भूमिका यंदा दोन आहेत, असे दिग्दर्शकाने निवडून ठेवलेल्या संहितेवरून दिसते. वाड्यावरच्या चौघी तयार आहेत, मी विचारून घेतले आहे. त्यांची एकच अट आहे : तालमीच्या तीन दिवशी रात्रीचे जेवण घरच्या पुरुषांनी करायचे, किंवा मंडळाने तालमीच्या जागी पेज आणि लोणचे ठेवायचे. मुंबईच्या नाटकाला जेवढे मानधन द्यावे लागते त्यात किती महिन्यांची पेज होईल, हा हिशेब खजिनदारबाबांनी करावा.

आणि त्या दूताला बोलवा. घरी जाऊन बोलवा, निरोप पाठवू नका. ‘र’ असलेले एकही वाक्य गाळायचे नाही, हे दिग्दर्शकाला आधी सांगून ठेवा.

मुंबईचे नाटक आणायचेच असेल तर वर्धापनदिनाला आणा, मी वर्गणी देईन. जत्रेची रात्र गावची राहू द्या. ती वाईट झाली तरी चालेल. खरेच चालेल, आपल्यापैकी कुणाचीही वार्षिक वाढ तिच्यावर अवलंबून नाही.

तालमींच्या शुभारंभाचा नारळ ठेवायचा दिवस ठरला की फलकावर लिहा, आणि शक्यतो पुढच्या पंधरवड्यात ठेवा. या आठवड्यात माझी दुसरी शिफ्ट आहे, रात्री अकराला सुटते.

आपली,
विंगेतली प्रॉम्प्टर